चॅट चॅनेलच्या फॉलोअरांची पूर्ण यादी एजंटकडून कशी काढून घ्यायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत ‘डिस्पॅच’ नावाचं चॅट चॅनेल आहे असं धरू. उद्याची गाडी रद्द झाल्याचा मेसेज तिथे पडला, तर तो कुणाकुणापर्यंत जाईल? एआय एजंटला विचारलं की तो ‘50 जणांपर्यंत’ म्हणून मोकळा होतो. आकडा नेमका 50 किंवा 100 आला की संशय घ्या. बहुतेक वेळा ते यादीचं फक्त पहिलं पान असतं.

खालची कृती क्लिकअप या कामाच्या अ‍ॅपमधल्या चॅटसाठी आहे. तिथे फॉलोअर (मेसेजची खबर मिळणारे) आणि मेंबर (चॅनेल उघडता येणारे) अशा दोन याद्या वेगवेगळ्या मागता येतात. टेलिग्रामवर हा खटाटोप करू नका. तिथल्या बॉटला चॅनेलचा एकूण आकडा आणि अ‍ॅडमिनची नावं मिळतात, सगळ्या सदस्यांची यादी मिळत नाही.

आधी टोकन, म्हणजे एजंटला आत येऊ देणारी किल्ली. क्लिकअपच्या सेटिंगमधून वैयक्तिक एपीआय टोकन काढा (एपीआय म्हणजे प्रोग्रॅमने क्लिकअपकडे माहिती मागायची वाट). ते ‘पीके’ आणि अंडरस्कोअरने सुरू होतं. विनंतीसोबत ओळख पाठवायच्या रकान्यात, म्हणजे ऑथरायझेशन हेडरमध्ये, ते जसंच्या तसं द्यायचं, पुढे ‘बेअरर’ लावायचं नाही. ‘बेअरर’ फक्त ओऑथच्या, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपला परवानगी देऊन मिळणाऱ्या, टोकनला लागतं. 401 (ओळख पटली नाही, अशी चूक) आला तर पहिल्यांदा हेच तपासा. दुसरी गोष्ट, टोकन ज्याचं, त्याला दिसतं तेवढंच एजंटला दिसतं. खासगी चॅनेल सापडत नसेल तर कोडमध्ये डोकं घालण्याआधी त्या खात्याला चॅनेलमध्ये घेतलंय का ते बघा.

मग दोन आयडी लागतात, वर्कस्पेसचा आणि चॅनेलचा. वर्कस्पेस आयडी ब्राउझरच्या पत्त्यात क्लिकअपच्या नावानंतर लगेच येणारा आकडा. एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत यालाच ‘टीम’ म्हणतात आणि चॅट तिसऱ्या आवृत्तीत आहे, म्हणून जुनी उदाहरणं बघताना गोंधळ उडतो. चॅनेलचा आयडी चॅनेलांची यादी देणाऱ्या टूलमधून घ्या (टूल म्हणजे एजंटला वापरायला दिलेला छोटा कोड). त्यात डॅश असतो, तेव्हा टूलच्या व्याख्येत तो मजकूर म्हणूनच नोंदवा, संख्या म्हणून नको. आयडी अंदाजाने भरायचा नाद एजंटला लागू देऊ नका. टूलच्या वर्णनातच लिहून ठेवा:

‘दिलेल्या चॅनेलच्या फॉलोअरांची संपूर्ण यादी देते. चॅनेल आयडी आधी चॅनेल-यादी टूलमधून घ्यावा. सांगितलेल्या नावाची दोन चॅनेल सापडली तर वापरणाऱ्याला विचारावं.’

आता मुख्य काम, पानं उलटणं. एका विनंतीत किती नावं हवीत ते ‘लिमिट’ने ठरतं. काही दिलं नाही तर 50, जास्तीत जास्त 100. उत्तरासोबत पुढच्या पानाचा ‘कर्सर’, म्हणजे पुढे कुठून वाचायचं त्याची खूण, येतो. पहिली विनंती कर्सरशिवाय करायची, नंतर प्रत्येक वेळी आलेला कर्सर तसाच पुढे द्यायचा आणि तो रिकामा आला की थांबायचं. ‘पानात 100 पेक्षा कमी नावं आली म्हणजे संपलं’ असा आडाखा बांधू नका. कर्सर सांगेल तेच खरं. 114 फॉलोअर असतील तर 100 च्या लिमिटने दोन पानं होतात, लिमिट न दिल्यास तीन.

ही पानं उलटायचं काम मॉडेलवर, म्हणजे एजंटमागच्या एआयवर, सोडू नका, टूलच्या आतच लूप (तीच विनंती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहा. मॉडेलच्या हाती दिलं तर तीन गोष्टी बिघडतात: ते मध्येच थांबतं, लांबलचक कर्सर उतरवताना एखादं अक्षर गाळतं आणि प्रत्येक पानाचा सगळा मजकूर संभाषणात भरत जातो. लूपला मर्यादाही घाला, 20 पानं पुष्कळ झाली. तोच कर्सर दुसऱ्यांदा आला तरी थांबा. पानं वाचली जात असताना कुणी फॉलो किंवा अनफॉलो केलं तर नाव दोनदा येऊ शकतं, म्हणून शेवटी आयडीवरून दुबार नावं काढा. नावावरून काढू नका. आपल्याकडे एका नावाचे दोन पाटील एकाच पाळीत असतात.

टूलने मॉडेलला परत काय द्यायचं? आयडी, नाव, एकूण आकडा आणि ‘यादी पूर्ण: होय किंवा नाही’. हा शेवटचा रकाना फार मोलाचा. तो नसेल तर अर्धवट यादीही एजंट तितक्याच ठामपणे सांगतो. उत्तरात ईमेलही येतात, ते टूलमध्येच गाळा.

तपासायला शंभर माणसं गोळा करायची गरज नाही. तीन जणांचं एक चाचणी चॅनेल काढा, लिमिट 2 ठेवा. टूलने तिन्ही नावं दिली तर लूप चालतोय. दोनच आली तर कर्सर पुढे जात नाहीये.

यादी हाती आली की मेंबरांच्या यादीशी ताडून बघा, खरा उपयोग तिथे आहे. मेंबर म्हणजे चॅनेल ज्याला उघडता येतं तो. तो फॉलोअर असेलच असं नाही. मेंबरांतून फॉलोअर वजा केले की उरतात ते लोक चॅनेलमध्ये असूनही मेसेजची खबर नसलेले. रात्रपाळीचा फेटलिंगचा (ओतलेला माल साफ करणाऱ्या विभागाचा) सुपरवायझर त्यात निघाला तर गाडी रद्द झाल्याचं त्याला फोन करूनच सांगावं लागणार. उलट बाजूने, काम संपलेला एखादा ठेकेदार फॉलोअरांत दिसला तर त्याचा प्रवेश काढायचा. एजंटचं स्वतःचं खातं मोजणीतून वगळा. आणि फॉलोअर आहे म्हणजे मेसेज वाचलाच, असं उत्तर एजंटला देऊ देऊ नका. नोटिफिकेशन बंद ठेवणारे कमी नाहीत.

बऱ्याच चॅनेलांवर एकदम चालवलं तर 429 (विनंत्या फार झाल्या, अशी चूक) येतो. फ्री, अनलिमिटेड आणि बिझनेस प्लॅनवर एका टोकनला मिनिटाला 100 विनंत्यांची मुभा आहे. मुभा परत कधी मिळणार ती वेळ उत्तराच्या हेडरमध्ये असते. तोवर थांबून त्याच कर्सरपासून पुढे चला, पहिल्या पानापासून नको.