क्लोरीन, आयोडीन, कथील: घरातल्या या चुका टाळा

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना नळावरचे पांढरे डाग काही नवे नाहीत. पाणी कमी पडलं की सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात ते हेच पाणी. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला क्षार धरतात, गिझरच्या कॉइलवर पुटं चढतात.

हे क्षार म्हणजे मुख्यतः चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. पहिली चूक इथेच होते: त्यावर ब्लीच ओततात. ब्लीच रंग घालवतं, जंतू मारतं, पण चुनखडीला हातही लावत नाही. ती आम्लानेच सुटते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. ब्लीचने डाग गेला नाही म्हणून लोक त्यावरच टॉयलेट क्लीनर टाकतात. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मजल्यावरच्या काकूंनी हेच केलं, तेही दार लावून. दोन मिनिटांत डोळे झोंबायला लागले, खोकला थांबेना. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ युद्धात सोडला होता, तोच हा वायू. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशीच. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे नीट समजावून सांगा, दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवा. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा लिंबूही नको. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. लगेच बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. दम लागला तर थेट डॉक्टर गाठा.

हाच क्लोरीन सोडियमशी बांधला गेला की आपलं मीठ होतं. मिठाबद्दलचा एक गैरसमज मला फार खटकतो. भाईंदर-उरणची मिठागरं पाहिलेली माणसं म्हणतात, "खडे मीठ समुद्राचं, त्यात आयोडीन असणारच." नसतं हो, जवळपास नसतंच! 1811 मध्ये कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला आयोडीन सापडलं ते समुद्री शेवाळाच्या राखेत, कारण शेवाळ ते साठवून ठेवतं. मिठात मात्र ते मागाहून घालावं लागतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. गरोदर बाईला त्याहून जास्त, कारण बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. सैंधव उपासाला ठीक आहे, रोजच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठच घाला. थायरॉइडची औषधं चालू असतील तर डॉक्टर सांगतील तसं करा. ठाण्याच्या जुलैमधल्या दमट हवेत मिठाची बरणी शेगडीशेजारी उघडी ठेवू नका. ओल आणि उष्णता दोन्हींनी आयोडीन उडतं.

आता तांब्या-पितळेची हौस परत आली आहे. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवा, लिंबू सरबत अजिबात नको. बिनकल्हईच्या पातेल्यात ताक किंवा आमसुलाचं सार कळकतं, हे आजीला माहीत होतं. आंबटपणामुळे तांबं सुटून पदार्थात उतरतं, मग मळमळ, उलट्या. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. फोडणी वेगळ्या कढल्यात करा.

कांदेपोह्यांवर लिंबू पिळता ते उत्तमच. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. पण लगेच चहा घेतलात तर चहातलं टॅनिन त्या लोहाला अडवतं. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर चहा-दूध तासाभराने घ्यावं.

आणि जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू लावू नका, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. मुलांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा, खिडकी उघडा. बांगड्या, अंगठ्या उतरवा, सोन्याला पारा चिकटतो. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब गोळा करा, झाकणाच्या बाटलीत बंद करा, घातक कचरा म्हणून वेगळा द्या. बेसिनमध्ये मुळीच ओतू नका.