श्रीखंडाच्या डब्याचं झाकण चालेल का?

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात लेक फर्स्ट टेक चॅलेंजच्या टीममध्ये, आणि भाचा फर्स्ट लेगो लीगमध्ये. दोन्ही शाळकरी मुलांच्या रोबोट बनवायच्या स्पर्धा. लेकीने चेंडू उचलायला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून फावडं केलं. ते बघून भाच्यानेही आपल्या रोबोटला घरातलं रबरबँड लावलं. सरावात दोन्ही मस्त चालली. मग मलाच धास्ती वाटली, ऐनवेळी तपासणीत अडवलं तर?

म्हणून दोघांकडूनही रोबोटवरची प्रत्येक वस्तू वहीत लिहून घेतली, आणि त्याच हंगामाची नियमपुस्तिका उघडली. मागच्या वर्षीची धरू नका, नियम बदलतात.

लेगो लीगमध्ये सगळे भाग लेगोचेच आणि मूळ अवस्थेतले हवेत. फक्त दोरी आणि नळी मापाने कापता येते. रबरबँड गेलं. भाचा हिरमुसला, पण त्याने लेगोचं रबर लावून तोच हात पुन्हा जुळवला.

टेक चॅलेंजमध्ये साध्या प्लास्टिकला, लाकडाला मुभा आहे, पण धारदार कडा नकोत. मैदानावर फोमच्या चटया असतात, त्या फाटतात. लेकीने झाकणाची कड पॉलिश पेपरने घासली. मी स्वतः त्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, आणि मगच हो म्हटलं.