नदीकाठच्या लोकांनी स्वतःचा सर्व्हर कसा उभारावा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. माझं माहेर आंबेवाडीचं, त्यामुळं पावसाळ्यात हे आकडे आमच्या तोंडावर असतात. अशा रात्री मोठ्या कंपनीच्या ॲपवर काल दुपारची पोस्ट सगळ्यात वर दिसते, कारण तिला लाइक जास्त. ती वाचून कुणी जनावरं सोडायला उशीर केला तर?

मालक दुसरा असला की नियमही त्याचेच. ट्विटरनं २०२३ मध्ये आपोआप पोस्ट टाकायच्या सोयीला मोठे पैसे लावले, तेव्हा न्यूयॉर्कच्या बस-रेल्वे चालवणाऱ्या एमटीएनं त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथं सेवेच्या सूचना देणं थांबवलं. पुढं सार्वजनिक सेवांना सूट मिळाली, पण ती मिळणार की नाही हे ठरवलं कंपनीनंच.

म्हणून मास्टोडॉन. ट्विटरसारख्या पोस्ट टाकायचं, पण आपल्या सर्व्हरवर चालवता येणारं, २०१६ पासूनचं हे मुक्त सॉफ्टवेअर. होम फीडमध्ये ताजं ते वर, जाहिरात नाही. ॲक्टिव्हिटीपब या खुल्या मानकामुळं तुमच्या सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलू शकतो.

आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर खातं काढून महिनाभर वापरा. पुढं आपल्याकडं आलात की फॉलोअर बरोबर आणता येतात. जुन्या पोस्ट मात्र तिथंच राहतात.

मग माणसं जमवा. किमान तिघांकडं सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे आत शिरायचे पासवर्ड, हव्यात, आणि ते तिघं एका घरातले नकोत. एकटाच सगळं सांभाळतो तो सर्व्हर त्याच्या लग्नसराईत किंवा आजारपणात बंद पडतो.

डोमेनचं नाव, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, घाईनं घेऊ नका. सर्व्हर चालू झाल्यावर ते बदलता येत नाही. आपल्या तालमीचं नाव तर मुळीच देऊ नका. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला समोरासमोर येणाऱ्या पेठा तुम्हाला एकाच ठिकाणी हव्या आहेत ना? नदीचं, परिसराचं नाव बरं.

मशीन भाड्यानं घ्या. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवायचा मोह होतो, पण पुरात आधी वीज जाते. ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (कंपनीच्या मोठ्या मशीनमधला भाड्याचा हिस्सा) सुरुवातीला पुरतो. मशीन भाड्यानं देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मेल पाठवायची वाट, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवतात, म्हणून खातं पडताळणीच्या मेलसाठी वेगळी मेलसेवा जोडा, नाहीतर लोक नोंदणी करून मेलची वाट बघत बसतात. दुसऱ्या सर्व्हरवरून येणारे फोटो साठून डिस्क भरते. टूटसीटीएल या मास्टोडॉनबरोबरच येणाऱ्या साधनाचा मीडिया रिमूव्ह आदेश रोज रात्री आपोआप चालेल असं लावा. डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या जागी, आणि मे महिन्यात तो एकदा खरोखर उघडून बघा.

नोंदणी मंजुरीनंच द्या. कुठल्या गावचे, काय करता, एवढं विचारलं तरी बनावट खाती गळतात. नियम थोडे ठेवा, पण एक नियम कडक: पाण्याचा फोटो टाकाल तर जागा आणि वेळ लिहायची. २०१९ च्या महापुराचे फोटो अजून दर पावसाळ्यात आजचे म्हणून फिरतात. असा फोटो दिसला की काढायचा, टाकणारा सरपंच असला तरी, आणि का काढला ते सगळ्यांसमोर लिहायचं.

पैसा तालमीच्या वर्गणीसारखा उभा करा: ज्याला जमेल तेवढं, आणि हिशोब दर महिन्याला सर्व्हरवरच उघडा. एका पुढाऱ्याकडून वर्षाचा खर्च घेऊ नका. मग फलक त्याचा लागतो.

एक गोष्ट नोंदणीच्या पानावर ठळक लिहा. मास्टोडॉनवरचे खाजगी निरोप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतात. बँकेचं, दवाखान्याचं, घरातलं भांडण तिथं बोलू नका. त्यासाठी सिग्नल हे निरोपांचं ॲप वापरा.