तीन लाख वर्षांसाठी तीस मीटर सुतळी

आदिमानवापासून क्रमाने जगाचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेकांची गाडी मेसोपोटेमियात रुतते. आधी काळाचा अंदाज येऊ द्या. ३० मीटर सुतळी मैदानात ताणा. १ सेंटीमीटर म्हणजे १०० वर्षे. आपल्या मानवजातीचे सर्वात जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे. ते एका टोकाला. दुसरे टोक म्हणजे आज. शेती तिथून जेमतेम सव्वा मीटरच्या आत, मेसोपोटेमियातल्या सुमेरची लिपी साधारण ५२ सेंटीमीटरवर. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला ते १५१० पाच सेंटीमीटरवर, आणि १९६१ ची मुक्ती तर साडेसहा मिलिमीटरवर. तिथे गाठ मारायलाही जागा नाही.

म्हणून शेवटच्या ५,२०० वर्षांची वेगळी पट्टी करा: १ सेंटीमीटरला १० वर्षे, लांबी ५.२० मीटर. दोन चार्टपेपर लांबीत प्रत्येकी चार पट्ट्यांत कापून जोडले की भागते. बिलाच्या यंत्राचा रोल वापरू नका, उष्णतेने काळा पडतो. पट्टीवर तीन ओळी आखा: गोवा, उरलेला आशिया, उरलेले जग.

लिपीआधीच्या काळात नेमके साल लिहिण्याचा मोह टाळा. सांगे तालुक्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला जांभ्यात कोरलेले बैल, हरणे, चक्रव्यूहासारखी वर्तुळे आहेत. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अशा ठिकाणी पेन्सिलीने लांब कंस काढा.

आता वाचन. गोव्याच्या ओळीतले एक साल खुंटी समजा आणि त्याच्या आसपास तिन्ही ओळी उभ्या वाचा. १५१० घ्या. त्याआधी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांकडे गेले, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोचला, १५०० मध्ये काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. आपला काजू मूळचा त्याच ब्राझीलचा. १५८० मध्ये पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले, तेव्हा स्पेनशी लढणारे डच आपसूक पोर्तुगीजांचेही वैरी झाले. सतराव्या शतकात मांडवीच्या मुखाशी डच जहाजे का ठाकली, ते इथे कळते. दोन नोंदींमध्ये असा बाण काढा आणि त्यावर कारण लिहा. कारण सुचले नाही तर बाण नको.

पट्टी चुकाही पकडते. पिंटोंचा कट, म्हणजे गोव्यातली पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा बेत, फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रेरणेने झाला असे कुणी म्हटले, तर साले पाहा: कट १७८७ चा, क्रांती १७८९ ची.

मोजणीत तीन ठिकाणी घोटाळा होतो. इसवी सनात शून्य साल नाही, त्यामुळे इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० ही ९९९ वर्षे. १५१० हे सोळावे शतक, पंधरावे नव्हे. आणि शिलालेखातल्या शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९.

आठवड्याला एकच खुंटी पुरे. संदर्भासाठी पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे एकाच छपराखाली आहेत. जाताना पट्टी गुंडाळून सोबत न्या.