पोरगं कुठल्या खेळात घालायचं? जीन्स (आईवडिलांकडून येणारे जनुक) किती, मेहनत किती, घरच्या घरी असं बघा

आधी तर लाळ पाठवून डीएनए टेस्ट करायचा विचार डोक्यातून काढा. एसीटीएन३ नावाचा जीन आहे, त्याला स्पीडचा जीन म्हणतात, जगात साधारण पाचातल्या एकाच्या स्नायूंत त्याचं प्रोटीन बनतच नाही आणि टॉपच्या स्प्रिंटर्समध्ये अशी माणसं फार क्वचित सापडतात हे खरंय, पण उरलेल्या चौघांकडे ते असतंच की, म्हणून ते चौघं काय स्प्रिंटर झाले का? मग रिपोर्ट हातात घेऊन करणार काय.

उंचीचं मात्र वेगळं, पोटभर खायला मिळत असेल तर ती बरीचशी आईवडिलांवरच जाते, त्यामुळे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल ठरवताना घरातल्यांकडे बघितलं तर चालतं.

दमाचं खरं गणित समजून घ्या. हेरिटेज फॅमिली स्टडी नावाच्या एका संशोधनात शेकडो लोकांना २० आठवडे सारखीच सायकल मारायला लावली, शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजलं, सरासरी ४०० मिलीच्या आसपास वाढ झाली पण काहींची जवळपास शून्य आणि काहींची लिटरभर! आणि या फरकातला साधारण निम्मा भाग घराण्यातून आलेला. म्हणजे पहिल्या दिवशी कोण पुढे पळतं यावरून काहीच ठरवू नका, सरावाने कोण किती सुधारतं ते बघा. त्यासाठी पोराला ग्राउंडवर १२ मिनिटं पळवा, किती अंतर झालं ते वहीत लिहा, आठवड्यातून ३-४ दिवस नीट सराव करून घ्या आणि ३ महिन्यांनी त्याच ग्राउंडवर, त्याच वेळेला परत मोजा. तुलना त्याची त्याच्याशीच, शेजारच्या पोराशी नाही. आकडा हललाच नाही तर लगेच खेळ बदलू नका, सरावाचे दिवस हळूहळू वाढवून बघा, बऱ्याच जणांचं गाडं तिथेच सुटतं.

घाईही नको. बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करायचा, पण शर्यतीचं खरं ट्रेनिंग सुरू झालं ते आर्मीत गेल्यावर, विशी ओलांडल्यावर, आणि २०२३ ला एशियन गेम्समध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं) गोल्ड घेतलं. त्याचे जीन्स लहानपणीही तेच होते ना, आर्मीत ट्रॅक मिळाला, कोच मिळाला, वेळेवर खाणं मिळालं.

अजून एक, वयोगटाच्या टीममध्ये जानेवारीतलं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, त्याला सगळे टॅलेंट समजतात. तुमचं पोर वर्षाअखेरचं असेल आणि सिलेक्शन झालं नाही तर २-३ वर्षं थांबा, खेळत राहू द्या. दर ३ महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा, झपाट्याने वाढत असेल तेव्हा गुडघे-टाचा दुखतात, उड्या आणि पळणं कमी करा.

आणि मुलींचं हिमोग्लोबिन तपासाच, हे मी हात जोडून सांगतेय. माझी भाची प्रत्येक शर्यतीत शेवटची यायची, शाळेत सांगितलं हिच्या अंगातच दम नाही, आम्हीही ते मान्य करून बसलो होतो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.५, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, ४ महिन्यांनी त्याच ग्राउंडवर तिने १२ मिनिटांत २ राऊंड जास्त मारले.