टँकवर जाताय? आधी डोक्याचं तेल धुवा

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. ते रोज बदलत नाहीत, बदलणं परवडणारही नाही. पंपाने ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून काढायचं, क्लोरीन घालून परत सोडायचं, असं तेच पाणी फिरत राहतं. सकाळी सहाच्या बॅचने पाण्यात जे सोडलं, त्याचा काही वाटा संध्याकाळच्या बॅचच्या तोंडात जातो. तलावाच्या फाटकावर नियमांचा जो फलक असतो, त्यातले निम्मे नियम एवढ्यासाठीच असतात. उरलेले निम्मे कोणी बुडू नये म्हणून.

घरून निघण्याआधी

क्लोरीनने केस खराब होतात म्हणून खोबरेल तेल चोपडून येणारे प्रत्येक बॅचला भेटतात. केसांपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. पण ते तेल पाण्यावर तरंगतं, फरशीच्या कडेला काळपट चिकट पट्टा धरतं, फिल्टरमधल्या वाळूचे गोळे करतं आणि जंतूंसाठी घातलेला क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतं. केस वाचवायचा सोपा उपाय वेगळा आहे. तलावात उतरण्याआधी ते साध्या पाण्याने चिंब भिजवा. आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. मग वर टोपी घाला. कापडी टोपीने केस आवरले जातात, पण भिजतात. लांब केस असतील तर उंच अंबाडा घालून वर सिलिकॉनची टोपी बरी. मोकळा केस तळाच्या जाळीत ओढला जाऊ शकतो, म्हणून टोपीचा नियम बायका-पुरुष दोघांना असतो.

कपडे नायलॉनचेच हवेत. सुती बनियन आणि बर्म्युडा पाणी पिऊन जड होतात, नवशिक्याला खाली ओढतात आणि त्यांचे धागे पंपाच्या जाळीत अडकतात. पूर्ण अंग झाकणारा पोशाख हवा असेल तर तो नायलॉन-लायक्राचा, अंगासरशी बसणारा मिळतो. ओढणी किंवा सैल कुर्ता पाण्यात नको. कॉश्च्यूमच्या आत सुती चड्डी घालायची सवयही सोडा.

अंगठी, पैंजण, कडं घरी ठेवा. गार पाण्यात बोट आक्रसतं आणि सोन्याची अंगठी नकळत निसटते. काचेच्या बांगड्या तर अजिबात नकोत. फुटलेली काच पाण्यात दिसत नाही, आणि तलावात काच फुटली की अनेकदा तो रिकामा करण्यावाचून इलाज उरत नाही.

जुलाब होत असतील तर तलाव बंद, एवढं बहुतेकांना कळतं. जुलाब थांबल्यावर काय, हे मात्र कळत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो, आणि बरं वाटू लागल्यावरही काही दिवस शौचातून बाहेर पडत राहतो. त्याची लागण झालेली असेल तर जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे पाण्यात उतरू नका. डोळे आलेत, नायटा आहे, जखम ओली आहे, तरीही थांबा. पाळीच्या दिवसांत कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येतं, पॅड लावून नाही. आकडी येत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर जीवरक्षकाला आधी सांगा आणि सोबत कोणी असल्याशिवाय उतरू नका.

शॉवर आणि तो वास

तलावावरचा शॉवर पाय ओले करण्यापुरता नसतो. काखा, जांघा, मान, तळपाय चोळून पूर्ण एक मिनिट अंग धुवा. घाम, पावडर, सनस्क्रीन यांतलं बरंचसं त्या एका मिनिटात निघून जातं. अंघोळीआधीच लघवीला जाऊन या.

क्लोरीनचा उग्र वास आला की ‘आज औषध भरपूर घातलंय, पाणी स्वच्छ आहे’ असं लोक म्हणतात. खरं याच्या उलट आहे. घाम आणि लघवीतल्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, आणि नाकात जातो तो त्यांचा वास. डोळे चुरचुरतात, खोकला येतो तोही बराचसा त्यांच्यामुळे. हा वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो नेमका तिथे साचतो. छत असलेल्या तलावात हवा खेळत नसेल तर त्रास जास्त.

पाण्यात सहसा मुक्त क्लोरीन (घाणीशी संयोग न होता शिल्लक राहिलेला) १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १ ते ३ भाग, आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ असावा. नोंद फलकावर लिहिलेली नसेल तर विचारा, पोहणाऱ्याचा तो हक्क आहे. पीएच का पाहायचा? ७.२ ला मुक्त क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला तो पाव भागावर येतो. आकडा तोच, काम निम्म्याहून कमी. उघड्या तलावात उन्हानेही क्लोरीन उडतो, त्यामुळे सकाळच्या नोंदीवर संध्याकाळचं पाणी जोखू नका.

थुंकण्याबद्दल एक गैरसमज आहे. काठालगतच्या पन्हाळीत खाकरून थुंकलं की ते गटारात गेलं, असं समजून लोक बिनदिक्कत थुंकतात. ओव्हरफ्लो पद्धतीच्या तलावात ती पन्हाळ गटाराला नाही, एका टाकीला जोडलेली असते. तिथून पाणी फिल्टरमार्गे परत तुमच्याकडेच येतं. शेंबूड आणि थुंकी बाहेरच्या बेसिनमध्ये.

उतरण्याआधी तळ पाहा

काठावर उभं राहून सर्वात खोल जागी तळाची जाळी आणि लेनची काळी रेघ स्पष्ट दिसते का, ते बघा. दिसत नसेल, तर आत गेलेला माणूसही दिसणार नाही. पाणी गढूळ असताना फी भरलीय म्हणून उतरू नका. निळ्या फरशीमुळे पाणी नेहमीच निळंशार भासतं, म्हणून रंगावर जाऊ नका.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी हेरून ठेवा. जीवरक्षक कुठे बसलाय, रिंग आणि बांबू कुठे टांगलेत, आणि उथळ भाग संपून उतार कुठे सुरू होतो. पहिल्यांदा येणाऱ्यांचा घात हा उतार करतो. छातीएवढ्या पाण्यात चालता चालता पुढच्या चार पावलांत पाय टेकेनासे होतात.

नव्या तलावात पहिल्यांदा शिडीने उतरा. सूर फक्त त्यासाठी राखलेल्या खोल भागातच मारायचा. उथळ पाण्यात डोकं तळावर आपटून मान मोडते आणि माणूस जन्माचा अधू होतो. मुटका, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उडी, मारणाऱ्याची मान सहसा वाचते, पण ज्याच्या अंगावर तो पडतो त्याची वाचेलच असं नाही. काठावर धावू नका. ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरला की डोकं थेट काठाच्या कोपऱ्यावर.

लेनमध्ये

एका लेनमध्ये दोघेच असतील तर मधल्या काळ्या रेघेच्या दोन बाजू वाटून घ्या. तिसरा आला की गोल फिरायचं. एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. डावीकडून की उजवीकडून हे तलावागणिक बदलतं, म्हणून उतरण्याआधी मिनिटभर बघा. लेन निवडताना स्वतःचा वेग प्रामाणिकपणे जोखा. सुरुवातीचे २५ मीटर सगळेच वेगात मारतात, आठव्या फेरीला जो वेग राहतो तोच खरा.

पुढच्याच्या मागे किमान पाच सेकंद सोडून निघा. मागून कोणी पायाच्या तळव्याला हलकं बोट लावलं तर तो पुढे जायला वाट मागतोय. लगेच मध्येच थांबू नका. भिंतीपर्यंत जा, कोपऱ्यात सरका, त्याला जाऊ द्या. दम खायलाही कोपराच धरा. भिंतीचा मधला भाग वळणाऱ्यासाठी मोकळा हवा. तिथे चौघे ओळीने टेकून गप्पा मारत बसले की मागून येणाऱ्या सगळ्यांची लय मोडते, आणि हे दृश्य रोजचं आहे. ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्याची लाथ रुंद जाते, म्हणून शेजारून कोणी येताना पाय थोडे आवरा. उताणं पोहताना भिंतीआधी ५ मीटरवर वर टांगलेली झेंड्यांची दोरी दिसते. तिथून भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात ते एकदा मोजून ठेवा. डोकं आपटणार नाही, मागच्याचंही नाही.

आणि न विचारता शिकवू नका. ‘अहो, हात असा नाही, असा’ म्हणणारे काका प्रत्येक तलावावर असतात, आणि ज्या बाईला ते शिकवतात तिने त्यांना विचारलेलं नसतं. टक लावून पाहणं, काठावरून मोबाइलवर फोटो काढणं हेही त्यातलंच. आपल्या पोराचा व्हिडिओ काढतानाही मागे इतर दहा जण ओल्या कपड्यांत असतात.

मुलं

पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. काठावरून लक्ष आहे, असं चालत नाही. दंडात घालायचे फुगे, हवेची ट्यूब ही खेळणी आहेत. फुगा निसटतो, ट्यूब उलटते आणि मूल डोकं खाली करून अडकतं. पूर्वीच्या विहिरीवर पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा निदान घट्ट बांधलेला तरी असायचा. गुडघाभर पाण्याचा बेबी पूलही बिनधोक नाही, तिथेही मूल बुडतं. दोघं-तिघं पालक असाल तर पाळी लावा, आणि ज्याची पाळी त्याचा मोबाइल पिशवीत. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नसतं. तान्ह्यांना पोहण्याचा खास डायपर घाला. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि फुटतो.

पोरांची एक शर्यत दिसली की तिथल्या तिथे मोडा. श्वास रोखून तळाशी कोण जास्त राहतो, ही ती शर्यत. आधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यायची तगमग त्याच्यामुळेच होते. तो कमी असल्याने तगमग होण्याआधीच प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेले आहेत.

बुडणारा ओरडत नाही

हात हलवून ‘वाचवा’ ओरडणं सिनेमात. खरोखर बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होत असतं, ओरडायला श्वासच उरत नाही. अंग उभं, डोकं मागे झुकलेलं, केस डोळ्यांवर, पाय जवळपास स्थिर, आणि हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबतायत. अदृश्य शिडी चढत असल्यासारखं. हे २० ते ६० सेकंद चालतं, मग तो खाली जातो. शंका आली तर विचारा, ‘काय रे, बरा आहेस ना?’ उत्तर आलं नाही तर तो बुडतोय असंच समजा.

१. जीवरक्षकाला जोरात हाक मारा, बोटाने जागा दाखवा आणि नजर त्या जागेवरून हलवू नका.

२. काठावर पालथे पडून बांबू, फळी किंवा टॉवेल पुढे करा. उभं राहून वाकलात तर तुम्हीच आत ओढले जाल.

३. हात पोचत नसेल तर रिंग त्याच्या थोडी पलीकडे फेका आणि दोरीने त्याच्याकडे ओढून आणा.

४. प्रशिक्षण नसेल तर उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. मिठी बसलीच तर खाली बुडी घ्या. त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो.

५. सूर मारून जखमी झालेल्याला घाईने उचलू नका. श्वास चालू असेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून तरंगत ठेवा, जीवरक्षक फळी आणेपर्यंत.

बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला पाठवा. पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं पूर्ण बंद. पोटातलं पाणी बाहेर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवा हवी असते, म्हणून शिकलेल्या माणसाने आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवावं. मोठ्या माणसाला दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. श्वास देता येत नसेल तर निदान दाब थांबवू नका. माणूस उठून बसला, ‘काही नाही, बरा आहे’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.

वळीव आणि शिट्टी

मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात. पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि उघड्या काठावरही न रेंगाळता पक्क्या छताखाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही.

बॅच संपल्याची शिट्टी झाली की ‘एकच फेरी’ म्हणून पुन्हा निघू नका. पुढची बॅच शॉवरखाली ताटकळलेली असते, पण खरं कारण वेगळं आहे. माणसं पाण्यात असतात तोवर लाटांमुळे तळ हलताना दिसतो. सगळे बाहेर पडले, पाणी निवलं, की जीवरक्षकाला काठाने फेरी मारून तळ नीट पाहता येतो, आणि त्याच्या हातात त्यासाठी दोन बॅचमधली ती पाचेक मिनिटंच असतात.