परफॉर्मन्स सेडानसाठी हेडर कसा निवडावा

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर काढून पुढे एकत्र आणणारा नळ्यांचा संच. तो घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती हॉर्सपॉवर वाढेल?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी हे बघा की तुमची गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) चालते. नळ्यांची लांबी, त्यांचा व्यास, त्या एकमेकींना कुठे मिळतात, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

१. मुळात तुमच्या इंजिनाला हेडर बसतो का?

आताच्या बऱ्याच टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा कंपनीचा भाग, ज्याच्या जागी हेडर बसतो) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. होंडा सिव्हिक टाइप आरचं के२०सी१ किंवा फोक्सवॅगन-ऑडीचं तिसऱ्या पिढीचं ईए८८८ ही त्याची उदाहरणं. तिथे टर्बो थेट हेडलाच बसतो, बदलायला वेगळा मॅनिफोल्ड उरतच नाही. अशा गाडीत पैसे डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोपासून पुढे धूर नेणाऱ्या नळीवर, घालवा. टर्बो आहे पण मॅनिफोल्ड वेगळा आहे, तर टर्बोचं वजन आणि उष्णता सोसणारी जाड नळी हा मुख्य निकष. पुढचं बरंचसं विवेचन विनाटर्बो इंजिनासाठी आहे.

२. नळ्यांची जुळणी ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक ठोका नळीतून पुढे धावतो. कलेक्टरपाशी, म्हणजे नळ्या एकत्र मिळतात तिथे, जागा एकदम रुंदावते आणि तिथून कमी दाबाची लाट उलटी मागे फिरते. इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलाय आणि एक्झॉस्ट अजून पुरता मिटलेला नाही, नेमक्या त्या क्षणी ही लाट पोर्टपाशी (सिलिंडर हेडमधून धूर बाहेर पडण्याचं तोंड) पोचली, तर ती उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत खेचते. कंपनीच्या आखूड बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सहसा हे नीट साधत नाही. चारही सिलिंडरांचा धूर एकाच डब्यात येऊन एकमेकांना अडवतो.

लाटेचा वेग फारसा बदलत नाही, इंजिनाचा मात्र सतत बदलत असतो. म्हणून लांब नळीत ही वेळ कमी आरपीएमला जुळते, आखूड नळीत जास्त आरपीएमला. सगळीकडे सारखीच जुळेल अशी नळी नसते.

चार सिलिंडरच्या इंजिनासाठी दोन मुख्य रचना आहेत. ४-१ मध्ये चारही नळ्या एकदम एका कलेक्टरमध्ये मिळतात आणि जोर वरच्या आरपीएमला येतो. ४-२-१ मध्ये आधी जोड्या होतात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर १ची जोडी ४शी आणि २ची ३शी, म्हणजे जोडीतले दोन ठोके समान अंतराने येतात. यात मधल्या आरपीएमचा टॉर्क भरतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या सेडानला मी डोळे झाकून ४-२-१ सुचवेन. ट्रॅकवर सुई कायम वरच ठेवणाऱ्याने ४-१ घ्यावा.

व्ही८ (आठ सिलिंडरच्या) सेडानला निवड असते लाँग ट्यूब म्हणजे लांब नळ्यांचा आणि शॉर्टी म्हणजे आखूड नळ्यांचा हेडर यांत. शॉर्टी कंपनीच्याच जागी बसतो, पण फायदा बेताचाच. खरा फरक लाँग ट्यूबने पडतो. त्यासाठी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर मागे सरकवावे लागतात.

आवाजाचाही विचार करा. जुन्या सुबारूंच्या ईजे इंजिनाची ती ओळखीची गडगड असमान लांबीच्या नळ्यांतून येते. समान लांबीचा हेडर लावला की ती जाते. कुणाला हे चालतं, कुणाला हुरहुर लागते.

३. व्यासाच्या मोहात पडू नका

"जितकी मोकळी नळी तितकी ताकद" हा समज फार नुकसान करतो. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की धुराचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो. कॅमशाफ्ट आणि हेड कंपनीचंच असेल तर निर्मात्याकडच्या लहान व्यासाच्या पर्यायापासून सुरुवात करा. मात्र नळीचं तोंड पोर्टपेक्षा लहान नको. फ्लँजवर (हेडर इंजिनाला जोडणारी सपाट पट्टी) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं सील, ठेवून बघितलं की लगेच कळतं.

४. धातू

३०४ स्टेनलेस गंजाला चांगलं टिकतं, पण तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. जोड त्या हिशेबाने केलेले नसतील तर तडे जातात. ४०९ स्वस्त, वरून तांबूस होतं, पण बरंच टिकाऊ. ३२१ जास्त तापमानासाठी. बजेट कमी असेल तर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग केलेलं साधं पोलादही वाईट नाही. साध्या पोलादावर उष्णतारोधक पट्टी मात्र गुंडाळू नका. तिच्यात ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते.

५. हातात घेऊन तपासा

फ्लँजवर धारेची सरळ पट्टी ठेवा आणि उजेडाकडे धरा. खालून उजेडाची रेघ दिसली तर वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकलाय. मग पोर्टमध्ये बोट घालून नळी आणि फ्लँजच्या सांध्यावरून गोल फिरवा. वेल्डिंगचा गुळगुळीत घासलेला सांधा हाताला जवळपास लागत नाही. गाठी लागल्या तर त्या ठिकाणी प्रवाह अडणार. कलेक्टरच्या आतही डोकवा. चार नळ्यांच्या मधोमध सपाट खड्डा नको, निमुळतं टोक हवं.

६. गाडीत बसेल का, सेन्सर कुठे येईल?

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी बनवलेला हेडर उजव्या स्टिअरिंगच्या त्याच मॉडेलला बसेलच असं नाही, कारण स्टिअरिंगचा शाफ्ट दुसऱ्या बाजूला असतो. ऑर्डर देण्याआधी हे लेखी विचारा. स्टार्टर, ऑइल फिल्टर आणि प्लगच्या वायरींपासून नळ्या किती दूर राहतात तेही बघा. इंजिन जोरात असताना माउंटवर (त्याला धरणाऱ्या रबरी आधारांवर) हलतं, त्यामुळे उभ्या गाडीत जेमतेम सुटलेली नळी चालत्या गाडीत घासते. आडव्या बसवलेल्या इंजिनाला पुढे लवचिक जोड हवाच.

ऑक्सिजन सेन्सरचा बंग, म्हणजे तो बसवायची आट्यांची जागा, कलेक्टरवर, वरच्या अर्ध्या भागात असावा, म्हणजे साचलेलं पाणी सेन्सरच्या टोकावर येत नाही. वायर कमी पडली तर कापून डाग देऊ नका, तयार प्लगची एक्स्टेन्शन वायर वापरा. आणि कन्व्हर्टर काढून टाकणारा हेडर रस्त्यावरच्या गाडीसाठी घेऊ नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि त्या धुराचा त्रास मागून येणाऱ्याला होतो.

७. बसवताना

गॅस्केट नवं, शक्यतो अनेक थरांचं स्टीलचं घ्या. जुने स्टड काढण्याआधी गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचनेच आवळा.

माझ्या एका गाडीत एक नट जरासा सैल राहिला होता. थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक यायची, गरम झालं की बंद. दोन ठोक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला वाटायचं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत राहायचा. मी आठवडाभर इंजेक्टरला दोष देत होतो. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की सगळे नट पुन्हा तपासा आणि त्यानंतरच रीमॅपसाठी (ईसीयूची सेटिंग्ज नव्याने जुळवण्यासाठी) गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवा.